शालेय बल व दमसास प्रशिक्षण (खानदेश)

शाळकरी खेळाडूची ताकद, वेग, तोल, लवचीकता आणि दमसास त्याच्या वाढीच्या टप्प्याप्रमाणे क्रमाने वाढवण्याची पद्धत. मैदानावर तिला ‘स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग’ किंवा नुसते ‘फिटनेस’ म्हणतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत ही तयारी मुख्यतः पी.टी.च्या तासाला आणि शाळा सुटल्यावरच्या सरावात होते, आश्रमशाळांत पहाटेही.

जोर, बैठका, सूर्यनमस्कार, मल्लखांब हे व्यायाम इथे नवे नाहीत. यात्रेतल्या कुस्त्यांसाठी गावोगावच्या तालमींनी ते जपले. नवी आहे ती नोंद आणि पायरी: कोणी, किती, कधी करायचे आणि कधी थांबायचे. पन्नास जणांच्या वर्गाला सरसकट शंभर बैठका लावणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

‘वजन उचलले की उंची खुंटते’ ही भीती घरोघरी आहे. जाणत्या देखरेखीखाली योग्य रीतीने केलेल्या बलवर्धक व्यायामाने वाढ खुंटत असल्याचा पुरावा नाही. वयात येण्यापूर्वी मुलांचे स्नायू फारसे फुगत नाहीत; मेंदू आणि मज्जातंतू त्यांना एकजुटीने कामाला लावायला शिकतात आणि त्यातून ताकद वाढते. म्हणून लहान वयात आधी रीत, मग भार. आठवड्यातून 2 ते 3 दिवस, मध्ये विश्रांतीचा दिवस ठेवून, हलक्या भाराची 6 ते 15 आवर्तने पुरतात. शेवटची बैठकही पहिलीसारखीच नीट आली, तरच भार वाढवायचा, तोही 5 ते 10 टक्क्यांनी.

सर्वांत जपण्याचा काळ उंची झपाट्याने वाढण्याचा. मुलींमध्ये तो साधारण 12 व्या, मुलांमध्ये 14 व्या वर्षाच्या आसपास येतो, पण दोन-दोन वर्षे मागेपुढे होतो. हाडे लांबतात, स्नायू मागे राहतात. कालपर्यंत चपळ असलेला पोरगा अडखळू लागतो. गुडघ्याच्या वाटीखाली दुखरा उंचवटा येतो किंवा टाच दुखते. अशा वेळी ‘दुखणे अंगावर काढ’ म्हणणे चूक. उड्या आणि पळणे कमी करून तोल व रीत यांवर भर द्यावा. हा काळ ओळखायला लागते ती मोजपट्टी. वर्गाच्या भिंतीशी अनवाणी उभे करून दर तीन महिन्यांनी पेन्सिलीची रेघ आणि तारीख: तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरहून अधिक फरक दिसला की सरांनी सावध व्हावे. क्रीडासाहित्याच्या यादीत हिला पहिला मान हवा.

जिम नसल्याने फारसे अडत नाही. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत वाळू भरून किराणा दुकानाच्या काट्यावर तोलली की पाच किलोचे वजन तयार. सायकलची जुनी ट्यूब ताणायला, ट्रॅक्टरचे टायर दोरी बांधून ओढायला. बाकावरून उडी मारायला लावून आवाज ऐकावा. धप्प आवाज आला, गुडघे आत वळले, तर ते मूल लांब उडीला अजून तयार नाही. कबड्डीत पकड करणाऱ्या मुलींसाठी ही परीक्षा फार मोलाची आहे.

ऊन आणि माती इथले वेळापत्रक ठरवतात. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ, जळगावकडे पारा 45 अंशांपर्यंत चढतो. तेव्हा सराव सकाळी सातच्या आत आटोपलेला बरा. तालुका स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो, नेमका काळ्या मातीच्या मैदानाचा चिखल होतो तेव्हा. मग व्हरांड्यात जोर, तोल आणि दोरीउड्या चालतात. खाण्याला महागडी पावडर नको. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, उडदाची डाळ, मूठभर शेंगदाणे, रावेर-यावलची केळी यांवर शाळकरी अंग उत्तम पोसते, पोटभर मिळाले तर.

शालेय स्पर्धांचे 14, 17 आणि 19 वर्षांखालील गट जन्मतारखेवर ठरतात, शरीराच्या वाढीवर नव्हे. त्यामुळे 14 खालील संघात लवकर वाढलेली मुले सहज निवडली जातात आणि उशिरा वाढणारी गुणी मुले बाकावर राहतात. दहावी-बारावीच्या क्रीडा सवलत गुणांमुळे पालक मैदानाकडे वळले ही चांगली गोष्ट. मात्र त्याच ओढीने सातवीतल्या मुलाला एकाच खेळाला जुंपणे घातक ठरते.

सातपुड्याच्या पायथ्याकडील काही कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, मुलांनाही नेतात आणि उन्हाळ्यात परततात. अशा मुलाला मित्रांच्या बरोबरीने लगेच पळवू नये. भिंतीवर त्याची नवी रेघ ओढावी आणि पहिले दोन आठवडे निम्मीच आवर्तने द्यावीत.