कोळंबीचं डोकं काळं का पडतं?

बाजारात कोळंबीचा वाटा बघताना माझी नजर आधी डोक्यांकडे जाते. कवचाखाली काळपट झाक दिसली की मी भाव पाडायला लागतो आणि समोरून ठरलेलं उत्तर येतं, ‘‘बर्फ कमी पडला भाऊ, माल आजचाच आहे.’’ बरीच वर्षं मला ही थाप वाटायची. पण मावशी खोटं बोलत नव्हती. कोळंबीचं काळं पडणं आणि कुजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. (कुजलेली ओळखायला नाक पुरेसं आहे.) काळा रंग येतो तो जिवंत असताना तिला रोगजंतूंपासून वाचवणाऱ्या एका यंत्रणेमुळे. कोळंबी मेली तरी ही यंत्रणा लगेच थांबत नाही. बर्फात ती मंदावते. निर्यातीचा माल ती रोखायलाच सोडियम मेटाबायसल्फाइट या रसायनाच्या पाण्यातून काढतात.

वांगं चिरून तसंच ठेवलं तर काळं पडतं, म्हणून आपण फोडी पाण्यात टाकतो. कोळंबीत घडतं ते याच जातकुळीचं. दोन्हीकडे तांबं पोटात धरून बसलेलं एक एन्झाइम असतं. हवेतला ऑक्सिजन मिळाला की ते साध्या रंगहीन रेणूंपासून गडद रंगद्रव्य तयार करायला लागतं. कोळंबी, खेकडे आणि कीटकांमधल्या या एन्झाइमला फिनॉलऑक्सिडेज म्हणतात आणि त्यातून शेवटी जे बनतं ते मेलॅनिन. आपल्या केसांना काळेपणा देणारं रंगद्रव्यही मेलॅनिनच, पण आपल्यात ते उन्हापासून वाचवतं. झुरळाच्या, डासाच्या, कोळंबीच्या अंगात त्याच्यावर जखम बुजवण्याची आणि शत्रूला जिवंत गाडण्याची कामगिरी असते.

ही कामगिरी इतकी महत्त्वाची का, ते कळायला या प्राण्यांचं शरीर आतून कसं असतं ते पाहावं लागेल. त्यांच्यात आपल्यासारख्या बंद रक्तवाहिन्यांचं जाळं नसतं. कीटकाच्या पाठीलगत एक लांब नळी असते, तेच त्याचं हृदय. ती रक्त पुढे ढकलते आणि ते पोकळीत सुटं होऊन सगळ्या अवयवांना भिजवत परत येतं. थोडक्यात, कीटक म्हणजे कडक कवचाची, द्रवानं भरलेली पिशवी. पिशवीला भोक पडलं की दोन संकटं एकदम येतात. आतला द्रव बाहेर जातो आणि बाहेरचे जंतू आत शिरतात. आत आलेला जंतू डोक्यापासून शेपटीपर्यंत कुठेही पोचू शकतो.

त्यात या प्राण्यांकडे प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, नाहीत. एकदा गोवर झाला की पुन्हा होत नाही, कारण आपल्या शरीराला तो विषाणू लक्षात राहतो. प्रतिपिंडं बनवणारी ही व्यवस्था शार्कपासून माणसापर्यंतच्या, जबडा असलेल्या प्राण्यांमध्येच आहे. कीटकांच्या सुमारे दहा लाख ज्ञात जाती तिच्याशिवाय जगतात. आणि जगतात तेही शेणात, उकिरड्यात, कुजक्या फळांत.

फिनॉलऑक्सिडेज रक्तात तयार अवस्थेत फिरत नाही. ते कुलूपबंद असतं. जिवाणूच्या भिंतीतला पेप्टिडोग्लायकन किंवा बुरशीच्या भिंतीतला बीटा-ग्लुकन, यांपैकी एखादा तुकडा रक्तात सापडला की एक एन्झाइम दुसऱ्याला छाटून जागं करतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटी कुलूप निघतं. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात केनेथ सॉडरहॉल यांनी गोड्या पाण्यातल्या क्रेफिशवर अनेक वर्षं काम करून ही साखळी उलगडली. नेमका जंतू कोणता याच्याशी तिला देणंघेणं नसतं. ‘ही भिंत आपल्या घरातली नाही’ एवढंच तिला ओळखता येतं.

कुलूप लावण्याचं कारणही तितकंच भक्कम आहे. मेलॅनिन बनताना वाटेत क्विनोनसारखी विषारी द्रव्यं आणि ऑक्सिजनची दाहक रूपं तयार होतात. जंतू त्यांनीच मरतात, पण यजमानाच्या पेशीही भाजतात. पिठात होणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या प्रतिकारयंत्रणेला चिथावणी दिली, तर त्याच्याच उत्सर्जन नलिकांना इजा होते असं प्रयोगात दिसलं आहे. म्हणून ही आग जखमेपुरती ठेवणारी, ती विझवणारी प्रथिनंही रक्तात असतात. मेल्यावर हे नियंत्रण ढिलं होतं आणि कोळंबीचं डोकं काळं पडतं.

कीटकांच्या रक्तातल्या पेशींची गोष्ट मात्र कीटकापासून सुरू होत नाही. 1882 साली इल्या मेचनिकोव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ सिसिलीतल्या मेसिना गावी राहत होता. घरची मंडळी सर्कस बघायला गेली होती आणि हा सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाची पारदर्शक पिल्लं पाहत बसला होता. त्याच्या मनात आलं, शरीरात हिंडणाऱ्या या पेशी संरक्षण करत असतील तर? अंगणातून गुलाबाचे काटे आणून त्यानं पिल्लांच्या अंगात टोचले. सकाळी पाहतो तर काट्याभोवती पेशींनी गराडा घातलेला. पुढे पाणपिसवा नावाच्या, पाण्यातल्या इवल्याशा कवचधारी प्राण्यांमध्ये त्यानं या पेशी बुरशीचे बीजाणू गिळताना पाहिल्या. या संशोधनासाठी त्याला 1908 सालचं नोबेल पारितोषिक पॉल एर्लिखबरोबर मिळालं. आपल्या शरीरातल्या भक्षक पेशींचं शास्त्र असं काट्यापासून सुरू झालं.

शत्रू पेशीपेक्षा मोठा असेल तर एकटी पेशी त्याला गिळू शकत नाही. मग पेशी त्याच्यावर थरांवर थर चढवतात, वरून मेलॅनिन ओततात आणि त्याला गाडतात. असं गाडलेलं प्रेत सर रोनाल्ड रॉसनं पाहिलं होतं, पण ते काय आहे हे त्याला कळलं नाही. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादला त्याला डासाच्या जठरावर हिवतापाचा परजीवी सापडला, हे शाळेत शिकवतात. पुढे पक्ष्यांच्या हिवतापावर काम करताना त्याला परजीवीच्या काही कोशांमध्ये काळ्या, वाकड्या दांड्या दिसल्या. त्याला त्या परजीवीच्याच बीजाणू वाटल्या. प्रत्यक्षात तो डासानं मेलॅनिनमध्ये गाडलेला परजीवी होता. 1986 साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी निवड करत करत अ‍ॅनॉफिलीस डासांचा असा वाण तयार केला, जो जवळपास प्रत्येक परजीवीला याच रीतीनं काळा करून मारतो. आपल्याला चावणारे डास इतके कार्यक्षम नसतात, म्हणून हिवताप टिकून आहे. डासावर इतकं रागवायचं कारण नाही, तोही आजारी असतो.

अर्थात समोरचाही स्वस्थ बसत नाही. शेतात अळीच्या अंगावर तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे कोष चिकटलेले पुष्कळांनी पाहिले असतील. अनेकांना ती अळीची अंडी वाटतात. ते कोटेसियासारख्या इवल्याशा गांधीलमाशीच्या पिल्लांचे कोष असतात. ही माशी अळीच्या पोटात अंडी घालते. खरं तर अळीच्या रक्तपेशींनी ती अंडी गाडायला हवीत. पण माशी अंड्यांबरोबर एक विषाणूही टोचते आणि तो अळीच्या रक्तपेशी निकामी करतो. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी या माशांच्या पूर्वजाला झालेल्या संसर्गातून त्या विषाणूची जनुकं माशीच्या स्वतःच्या जनुकसंचात कायमची मुक्कामाला आली आहेत. तिला तो बाहेरून मिळवावा लागत नाही.

बुरशीची चाल याहून साधी आहे. बिव्हेरिया आणि मेटाऱ्हायझियम या किडींवर फवारायच्या बुरशींची नावं शेतकऱ्यांना पाठ आहेत. जिवाणू किंवा विषाणू कीटकाच्या पोटात जावा लागतो, बुरशीला तोंडाची गरज नाही. बीजाणू कवचाला चिकटतो, रुजतो आणि कवच विरघळवत आत घुसतो. त्याला ओल लागते, म्हणून फवारणी संध्याकाळी करायला सांगतात. आत गेल्यावर मेटाऱ्हायझियम आपल्या भिंतीवर एका प्रथिनाचं आवरण चढवतो आणि त्याखाली बीटा-ग्लुकन झाकला जातो. घंटा वाजवणारी खूणच लपली, तर कुलूप उघडणार कोण?

बिव्हेरियाचं तर इतिहासातही स्थान आहे. इटलीत लोदीजवळ रेशीमकिडे मरून पांढरे, कडक खडू होत होते. अ‍ॅगोस्तिनो बासी यांनी 1835 साली दाखवून दिलं की हा रोग एका सूक्ष्मजीवामुळे (तीच ही बुरशी) होतो आणि एका किड्याकडून दुसऱ्याकडे जातो. पाश्चर आणि कॉख यांच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आजही रेशीमपालक या रोगाला मस्कार्डिन म्हणतात. जालना-बीडकडच्या तुती लावणाऱ्या शेतकऱ्याला एकाच बुरशीची दोन रूपं दिसतात: कपाशीवर फवारली तर मित्र, कीटकसंगोपनगृहात शिरली तर वैरी. आणखी एक नातं इथंच सांगून टाकतो. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी सायक्लोस्पोरिन देतात, ते ज्या बुरशीपासून सापडलं ती निसर्गात भुंगेऱ्यांच्या अळ्यांमध्ये वाढते.

काळं करण्याखेरीज कीटकांकडे दुसरं शस्त्रही असतं. स्टॉकहोममधल्या हान्स बोमन यांनी सिक्रोपिया नावाच्या मोठ्या रेशीमपतंगाच्या कोषस्थ अवस्थेला जिवाणू टोचले आणि काही तासांनी तिच्या रक्तात जिवाणूंना भोकं पाडणारे छोटे प्रथिनतुकडे सापडले. 1981 साली त्यांनी सिक्रोपिन जाहीर केलं. असे तुकडे नंतर कोळंबीत, बेडकाच्या कातडीत आणि माणसातही मिळाले. त्यांना कामाला लावणारा हुकूम कुठून निघतो हे फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गला ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत कळलं. 1996 साली तिथं फळमाशीतलं टोल नावाचं जनुक बिघडवलेल्या माश्या बुरशीला बळी पडल्या. त्या मेलेल्या माशीचं, अंगभर बुरशीचं रान माजलेलं छायाचित्र पाहिलं की विसरता येत नाही. (टोल म्हणजे टोलनाका नव्हे. जर्मन बोलीत त्याचा अर्थ आपल्या ‘भारी’सारखा आहे.) लगेचच आपल्या पेशींवरही टोलसारखी प्रथिनं असतात आणि जंतू ओळखतात हे उघड झालं. 2011 चं वैद्यकातलं नोबेल यातूनच आलं.

मुंग्यांचं तर विचारूच नका, त्यांनी दवाखानाच काढला आहे. फ्लोरिडातल्या सुतार मुंग्यांवरचा अभ्यास 2024 साली प्रसिद्ध झाला. सोबतिणीची मांडी जखमी झाली तर त्या पाय बुडापासून चावून कापून टाकतात. शस्त्रक्रियेला निदान 40 मिनिटं लागतात आणि जखमी मुंगी हलत नाही. पोटरीला जखम असेल तर पाय ठेवतात, नुसती जखम चाटत बसतात. कारण वर सांगितलेल्या मोकळ्या रक्ताभिसरणातच आहे. मांडीत स्नायू जास्त, त्यांच्या जोरावर तिथलं रक्त पुढे सरकतं. स्नायू जखमी झाले की प्रवाह मंदावतो, जंतू वर चढायला वेळ लागतो आणि तेवढ्यात कापणं जमतं. पोटरीतून जंतू इतके झटपट पसरतात की कापून उपयोग नसतो.

कोळंबीला सोबतीण दवाखान्यात नेत नाही. 1990 च्या दशकात पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगानं आपल्याकडची टायगर कोळंबीची तळी रिकामी केली. त्या विषाणूला ग्लुकनची भिंतच नाही, त्यामुळे तिच्या इशाऱ्यावर उघडणारं कुलूप त्याला पाहून उघडत नाही आणि त्याला फारसं कोणी अडवत नाही. प्रतिपिंडं नाहीत, म्हणून आपल्या ओळखीची लसही नाही. 2009 पासून व्हॅनामाय कोळंबी आली ती रोगमुक्त बीज घेऊन. आता कोळंबीच्या खाद्याच्या पोत्यावर ‘बीटा-ग्लुकन’ लिहिलेलं दिसतं. ते यीस्टच्या भिंतीचं पीठ असतं. शत्रू नसतानाच घंटा वाजवायची आणि तलवार म्यानातून थोडी बाहेर काढून ठेवायची, हा हेतू. मात्र ते रोज नको, मधे खंड पाडून द्या असं जाणकार सांगतात. रोज घंटा वाजली तर पहारेकरी थकतात.