छातीतली नळी आणि खाटेखालची बाटली

महामार्गावर मोटारसायकलवरून पडलेला, शेतात ट्रॅक्टरखाली सापडलेला, क्वचित बैलाने शिंग मारलेला पेशंट दवाखान्यात येतो. डॉक्टर छाती तपासतात आणि सांगतात, "नळी टाकावी लागेल." ऐकूनच घरच्यांचे हातपाय गळतात. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या धुळ्यात आणि एकूणच खान्देशात ही नळी काय करते, हे घराघरांत ठाऊक असायला हवं.

फुफ्फुसाला स्वतःहून फुगता येत नाही. त्याच्यावर एक आणि छातीच्या भिंतीला आतून एक, असे दोन पातळ पडदे असतात. त्यांच्यामधल्या फटीत थोडासा द्रव असतो आणि दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी असतो. म्हणूनच छाती पसरली की फुफ्फुसही ओढलं जातं. मोडलेली बरगडी फुफ्फुसात घुसली की या फटीत हवा शिरते आणि फुफ्फुस आकसतं. कधी ही हवा श्वासागणिक आत शिरत राहते, पण बाहेर पडत नाही. मग दाब वाढून हृदय दुसऱ्या बाजूला ढकललं जातं, हृदयाकडे येणाऱ्या मोठ्या शिरा दबतात आणि बीपी कोसळतं. अशा वेळी एक्स-रेची वाट पाहत बसणं जिवावर बेतू शकतं. आधी जाड सुई टोचून हवा मोकळी करतात, नळी त्यानंतर.

नळीची जागा काखेखाली, साधारण स्तनाग्राच्या पातळीला. पुढे छातीचा मोठा स्नायू, मागे पाठीचा रुंद स्नायू आणि मधे पातळ भिंतीचा त्रिकोण. याच्या खाली जाणं धोक्याचं आहे. श्वास सोडला की श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा, बरंच वर येतं आणि त्याच्या लगेच खाली उजवीकडे यकृत, डावीकडे प्लीहा असते. आपल्याला वाटतं त्यापेक्षा पोट खूप वर सुरू होतं.

दुसरा नियम मला सगळ्यात सुंदर वाटतो. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला आतून एक खाच असते. तिच्यात वरून खाली शीर, धमनी आणि मज्जातंतू या क्रमाने बसलेले असतात. म्हणून दोन बरगड्यांमधून आत जाताना नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला धरूनच जायचं. टीबीमुळे छातीत झालेलं पाणी पाठीतून सुईने काढतानाही हाच नियम.

जागा बधिर करून दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेतात. पुढे मात्र चाकू नको. बोथट चिमटा उघडत उघडत स्नायूंमधून वाट काढायची, पडदा फुटला की हवा 'फस्स' करून बाहेर येते. नळीच्या आधी डॉक्टर आत बोट घालून फिरवतात. बघणाऱ्याला ते क्रूर वाटतं, पण जुन्या टीबीत फुफ्फुस भिंतीला चिकटलेलं असू शकतं आणि तिथे नळी ढकलली तर ती थेट फुफ्फुसात घुसते. टीबी अजून गेलेला नाही अशा आपल्या भागात हे बोट फिरवणं टाळून चालत नाही.

नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्याखाली सुमारे दोन सेंटिमीटर बुडवलेलं असतं. छातीतली हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते, बाहेरची हवा मात्र पाण्यामुळे आत जाऊ शकत नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या हॅम्बर्गच्या डॉक्टर गोटहार्ड ब्यूलाऊंनी वापरात आणलेली ही पद्धत आजही चालते, तीही विजेशिवाय.

पेशंटला जळगाव किंवा धुळ्याला हलवताना नातेवाईक मदत म्हणून बाटली उचलून त्याच्या पोटावर ठेवतात. असं करू नका, बाटलीतलं पाणी छातीत परत जाऊ शकतं. ती कायम छातीपेक्षा खाली, उभी हवी. बुडबुडे येत असताना नळीला चिमटा लावला तर हवा पुन्हा आत कोंडते. नळीतलं पाणी श्वासाबरोबर वरखाली होत असेल तर घाबरू नका, नळी मोकळी असल्याची ती खूण आहे. ते अचानक थांबलं तर नळी वाकली किंवा गुठळीने तुंबली असू शकते, लगेच सिस्टरना हाक मारा. सुरुवातीलाच दीड लिटरच्या आसपास रक्त आलं तर नळीवर भागत नाही, छाती उघडून रक्तस्राव थांबवावा लागतो.

बुडबुडे थांबले, स्राव कमी झाला आणि एक्स-रेत फुफ्फुस पूर्ण पसरलेलं दिसलं की नळी काढतात. पेशंटला श्वास रोखायला सांगून ती एका झटक्यात ओढायची आणि त्याच क्षणी टाका आवळायचा.