साध्या अक्षरांत छापलेला आकडा

आईच्या फायलीत सहा वर्षांचे रिपोर्ट होते. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ, आधी 0.6, मग 0.8 आणि यंदा 1.0. तिन्ही आकडे लॅबच्या मर्यादेत, म्हणून साध्या अक्षरांत छापलेले. ठळक अक्षरांत होत्या त्या किंचित वाढलेल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी, आणि घरात आठवडाभर चर्चा झाली ती त्यांचीच. खरं तर साठीतल्या बाईचं क्रिएटिनिन 0.6 वरून 1.0 वर जातं, तेव्हा मूत्रपिंडांची रक्त गाळण्याची क्षमता एक तृतीयांशाहून जास्त घटलेली असू शकते.

‘नॉर्मल’ मर्यादा ठरते तरी कशी? बहुतेक चाचण्यांसाठी धडधाकट माणसांचं रक्त तपासतात आणि मधल्या 95 टक्क्यांचे आकडे धरतात. उरलेले 5 टक्केही निरोगीच असतात! एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 चाचण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही निदान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता 64 टक्के निघते. मग 70-80 चाचण्यांच्या ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये काहीच ठळक आलं नाही, तरच नवल. त्यातून सुरू होतात पुढच्या तपासण्या आणि झोप उडवणारी काळजी. लक्षणं नसताना कॅन्सरचे मार्कर (कॅन्सरची शंका दाखवणारे रक्तातले पदार्थ) तपासून घेऊ नयेत, असं मी आग्रहाने सांगेन.

तिशी-पस्तिशीनंतर बहुतेकांना सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), साखर, लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे) आणि क्रिएटिनिन एवढं पुरतं. शाकाहारी असाल किंवा मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध चालू असेल, तर बी-12 जीवनसत्त्व बघावं. थायरॉइडची चाचणी लक्षणं असतील किंवा घरात कुणाला त्रास असेल तर.

साखरेबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांच्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत जाते. एचबीए1सी ही चाचणी मोजते ती हीच चिकटलेली साखर: 5.7 टक्क्यांपासून मधुमेहपूर्व अवस्था, 6.5 टक्क्यांपासून मधुमेह. पण लोह कमी असेल तर हा आकडा फसवा वाढू शकतो, आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. उलट सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांत पेशी लवकर मरतात, त्यामुळे आकडा खोटा कमी दिसतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार बराच आढळतो, तिथे हे ध्यानात ठेवायलाच हवं. अशा वेळी उपाशीपोटीची साखर सोबत बघावी. तिच्यासाठी रक्त करड्या टोपणाच्या नळीत घेतात. त्यात फ्लोराइड असतं, कारण साध्या नळीत रक्तपेशी साखर खातच राहतात आणि तासाला 5 ते 7 टक्के साखर कमी होते.

दर वेळी शक्यतो लॅब तीच, वेळही सकाळचीच ठेवा. केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा, थायरॉइडचा रिपोर्ट त्यांनी चुकू शकतो.

आईचे तिन्ही आकडे एका कागदावर तारखांसह लिहून डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो गोळ्यांचा. गुडघेदुखीसाठी ती दोन वर्षं रोज वेदनाशामक घेत होती. ती गोळी त्यांनी त्याच दिवशी बंद केली, लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन तपासायला सांगितलं आणि क्रिएटिनिन तीन महिन्यांनी पुन्हा.