नाव तेवढं बदलून चालत नाही
(बायोडाटा करून घ्यायला येणाऱ्या ग्राहकांसाठी)

आमचं दुकान कागलमध्ये, एमआयडीसीच्या वाटेवर. पंचतारांकित औद्योगिक वसाहत आणि गोकुळ शिरगाव इथून जवळ. त्यामुळे मुरगूड, निपाणीकडून कामाच्या शोधात निघालेली मुलं आधी आमच्याकडे थांबतात. त्यांतली निम्मी मुलं मोबाइलवर मित्राची फाइल उघडून पुढे करतात आणि म्हणतात, "यात नाव तेवढं बदला की, दोन मिनिटांचं काम आहे." ते काम आम्ही आता घेत नाही. का घेत नाही आणि तुम्ही काय घेऊन आलात तर एका फेरीत काम होईल, हे सांगायला हा कागद छापला आहे.

पूर्वी आम्हीही नाव बदलून देत होतो. टर्नर ट्रेडचा एक मुलगा चुलतभावाची फाइल घेऊन आला. नाव, जन्मतारीख, मोबाइल नंबर बदलला, प्रिंट काढली, वीस रुपये घेतले. वरच्या कोपऱ्यातला ईमेल मात्र चुलतभावाचाच राहिला. मुलाखतीचं बोलावणं त्या ईमेलवर गेलं. चुलतभाऊ चाकणला रात्रपाळीत होता, त्यानं ते आठ दिवसांनी पाहिलं. तोवर जागा भरली होती. चूक मुलाचीही होती आणि टाइप करणाऱ्या आमचीही होती. त्याची आई दुकानात येऊन काही न बोलता उभी राहिली, तो दिवस आम्ही विसरलेलो नाही. तेव्हापासून प्रत्येक बायोडाटा कोऱ्या पानावर सुरू होतो.

दुसऱ्याच्या फाइलमध्ये ईमेलशिवायही पुष्कळ काही अडकलेलं असतं. शेवटच्या प्रतिज्ञेखाली त्याच्या गावाचं नाव असतं. फिटरच्या फाइलमध्ये वेल्डरची हत्यारं राहतात. आणि 'मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची तयारी' ही ओळ तर आम्ही इतक्या फाइलींत पाहिली आहे की तिचा कोणालाच उपयोग उरलेला नाही. कंपनीत एका जागेसाठी गठ्ठाभर कागद येतात. वाचणारा माणूस तुमचा कागद अर्धा मिनिट हातात धरतो. त्या अर्ध्या मिनिटात त्याला तुमचं काम दिसलं पाहिजे.

मागच्या पावसाळ्यात पुण्याकडून परत आलेले एक व्हीएमसी (प्रोग्रॅमवर चालणारं, धातू कापणारं मशिन) ऑपरेटर आले होते. सहा वर्षांचा अनुभव. त्यांची जुनी फाइल त्यांचीच होती, पण आयटीआय झाल्यावर केलेली. तिच्यात वर एकच ओळ वाढवली होती : 'व्हीएमसी ऑपरेटर, ६ वर्षे'. आम्ही समोर बसवून विचारलं. मशिनचा कंट्रोल कुठल्या कंपनीचा? फॅनुक, आणि शेवटची दोन वर्षं सीमेन्स. जॉब, म्हणजे मशिनवर बनवायचा भाग, कसला? कास्ट आयर्नचं हाउसिंग. ऑफसेट (हत्यार आणि जॉबच्या जागेचं माप मशिनला देणं) कोण घेतं? "मीच घेतो." प्रोग्रॅममध्ये बदल? छोटे बदल स्वतः, मोठे प्रोग्रॅमरकडून. मोजायला काय? व्हर्निअर, मायक्रोमीटर, बोअर गेज. मशिन किती? एका वेळी दोन. हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं, कागदावर यातलं एक अक्षर नव्हतं. नव्या बायोडाटात याच्याच पाच ओळी केल्या आणि 'मेहनती, प्रामाणिक' काढून टाकलं. सेटरच्या (मशिन कामासाठी लावून देणाऱ्याच्या) जागेसाठी बोलावलं तेव्हा मुलाखतीत याच ओळींवर प्रश्न आले, असं त्यांनी नंतर येऊन सांगितलं.

म्हणून आम्ही प्रश्न विचारतो. अनुभवी माणसाला पाऊण तास लागतो, नव्याला अर्धा. काही जणांना वाटतं आम्ही उगाच वेळ काढतो. पण तुमचं काम तुम्हालाच माहीत आहे, ते विचारल्याशिवाय आम्ही लिहिणार कसं?

अनुभवी लोकांचा सगळ्यात जास्त वेळ तारखांत जातो. "दिवाळीनंतर लागलो, उरुसाच्या आधी सोडलं" असं उत्तर मिळतं. वर्षही नक्की आठवत नाही. मग फोन लावून घरी विचारा, जुनी पगाराची स्लिप शोधा, यात तास जातो आणि शेवटी दुसऱ्या दिवशी परत यावं लागतं. याला सोपा उपाय आहे. तुमचा पीएफ कापला जात असेल तर १२ अंकी यूएएन नंबर असतोच, कंपनी बदलली तरी तो बदलत नाही. उमंग ॲपवर किंवा पीएफच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी उघडली की कुठे कधी लागलात आणि कधी सोडलं हे तारखेसह दिसतं. त्याचा स्क्रीनशॉट घेऊन या. मोठ्या कंपन्या रुजू करून घेण्याआधी याच तारखा तपासतात. बायोडाटात दोन वर्षं आणि पीएफमध्ये चौदा महिने निघाले, तर चांगला हातही बाहेर राहतो. सोडल्याची तारीख कंपनीने भरलेली नसेल तर नोकरी सोडून दोन महिने झाल्यावर ती पोर्टलवर स्वतः भरता येते. त्याला आधारशी जोडलेला मोबाइल जवळ हवा.

इथेच ठेकेदाराचा मुद्दा येतो. तुम्ही काम मोठ्या कंपनीत केलं, पण पगार आणि पीएफ लेबर कॉन्ट्रॅक्टरकडून होता, असं आपल्याकडे सर्रास आहे. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण फक्त कंपनीचं नाव लिहिलं तर तपासणीत तिथे तुमची नोंद सापडत नाही. आम्ही दोन्ही लिहितो : नोकरी अमुक ठेकेदाराकडे, कामाचं ठिकाण अमुक कंपनी. अशा लिहिण्यानं कोणाचं काम अडल्याचं आम्ही पाहिलेलं नाही, लपवल्यामुळे अडल्याचं पाहिलं आहे. अनुभवाचा दाखला 'तयार करून द्या' म्हणणाऱ्यांनाही आमचं उत्तर यातच आलं. ते काम आम्ही करत नाही, कितीही पैसे दिलेत तरी. मध्ये वर्षभर घरी होतात, शेती पाहिलीत, आईचं आजारपण होतं, तर तसंच एका ओळीत लिहू.

पहिल्यांदाच नोकरी शोधणाऱ्यांना वाटतं आपल्याकडे लिहायला काहीच नाही. असतं. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये कोणते जॉब स्वतः केले, किती मापात बसले, ॲप्रेंटिसशिप कुठल्या विभागात झाली, डिप्लोमाच्या प्रोजेक्टमध्ये चौघांपैकी तुमचा वाटा कोणता होता, हे घरूनच एका कागदावर मराठीत लिहून आणा. इंग्रजी आम्ही करू. एका मुलानं सहज सांगितलं की गावातल्या पाण्याच्या मोटारी तो रिवाइंडिंग करून देतो. इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या माणसाला यापेक्षा चांगली ओळ कुठली? ती सगळ्यात वर घेतली.

नव्या माणसाचा बायोडाटा एका पानाचा, अनुभवी माणसाचा जास्तीत जास्त दोन. रास, गोत्र, जात, उंची, मामाचं गाव हे लग्नाच्या बायोडाटात शोभतं, इथे नको.

येताना दहावीची गुणपत्रिका, आधार आणि शेवटचं प्रमाणपत्र ओरिजिनल आणा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुधा नाव आधी. हा क्रम वेगळा असला तरी बिघडत नाही, पण स्पेलिंग वेगळं असेल तर ते आजच कळलेलं बरं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या ताईंनी विवाह नोंदणीचा दाखलाही सोबत ठेवावा. घरून कागद पाठवणार असाल तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि अक्षरं पुसट येतात.

ईमेलबद्दल कळकळीची विनंती. कुठल्याही सेंटरवर ईमेल काढताना मोबाइल नंबर स्वतःचाच घाला आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा. सेंटरवाल्याच्या नंबरवर काढलेले ईमेल घेऊन लोक आमच्याकडे येतात. ओटीपी भलतीकडेच जातो आणि बोलावणं आलंय की नाही तेही बघता येत नाही.

दर असे आहेत : नवीन उमेदवार १५० रुपये, अनुभवी ३०० रुपये. यात पाच प्रिंट आणि पीडीएफ व वर्ड अशा दोन्ही फाइली आल्या. त्या तुमच्या व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर टाकून देतो, फाइलला तुमचंच नाव असतं. वर्षभरात एकदा बदल फुकट. नवी नोकरी, नवा कोर्स, नवा नंबर, काहीही असो. शेजारी वीस रुपयांत होतं हे आम्हाला माहीत आहे. तिथे टाइप करून मिळतं. आमच्याकडे विचारून लिहिलं जातं, आणि छापायच्या आधी प्रत्येक ओळ तुम्हाला वाचून दाखवली जाते. वाचताना मोबाइल नंबरवर बोट ठेवून तुम्ही स्वतः तो मोठ्यानं म्हणायचा, हा आमचा नियम आहे.

दुकान सकाळी ९ ते रात्री ८. दुपारपाळीवाल्यांनी सकाळी यावं, तेव्हा गर्दी कमी असते. दहावी-बारावीच्या निकालानंतरचे दोन आठवडे प्रवेशाच्या फॉर्मची रांग असते, त्या दिवसांत बायोडाटासाठी आदल्या दिवशी फोन करून वेळ घ्या.