ईएसआयचा लाभ चालू असताना अर्धवेळ कामावर जाता येतं का?

आजारातून उठणाऱ्या कामगाराला टाइम ऑफिसमधून निरोप येतो, "चार तास येऊन बसा, हलकं काम देतो." घरी बसून वैतागलेला माणूस लगेच तयार होतो. पण ईएसआय म्हणजे राज्य कामगार विमा योजनेत अर्धा पगार आणि उरलेला लाभ, अशी सोय नाही. इथे हिशेब दिवसाचा आहे. ज्या दिवशी काम केलं त्या दिवसाचा आजारपण लाभ मिळत नाही, मग तुम्ही दोन तास बसलात की आठ. भरपगारी रजेचा किंवा पगारी सुट्टीचा दिवसही त्यातून वजा होतो, संपाचाही. कंपनीत न जाता दुसरीकडे रोजावर गेलात तरी नियम तोच.

आता पात्रता. पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत हवा, दिव्यांग कामगारांसाठी ही मर्यादा 25,000 आहे. आजारपण लाभासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी कालावधीत किमान 78 दिवसांची वर्गणी, म्हणजे पगारावर ईएसआयसाठी भरला जाणारा हप्ता, लागते. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये हक्क मिळतो, ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमध्ये. दर सरासरी रोजच्या पगाराच्या 70 टक्के, वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस. क्षयरोग, कर्करोग, अर्धांगवायू अशा 34 दीर्घ आजारांत 80 टक्के मिळतात आणि मुदत दोन वर्षांपर्यंत वाढू शकते. त्यासाठी दोन वर्षं सलग नोकरी आणि चार वर्गणी कालावधी मिळून 156 दिवसांची वर्गणी हवी. कामावर अपघात झाला असेल तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ 90 टक्के असतो. तिथे 78 दिवसांची अट नाही, नोकरीचा पहिला दिवस असला तरी चालतं.

खरी मेख पुढेच आहे. समजा तुम्ही बरे झालात आणि कंपनीशी बोलून आठवड्याला तीनच दिवस काम घेतलंत, पगारही तेवढ्याच दिवसांचा. सहा महिन्यांत 26 आठवडे, म्हणजे नेमके 78 दिवस. एक खाडा पडला की 77, आणि पुढच्या लाभ कालावधीतला आजारपण लाभ गेला. रोज चार तासांचं काम घेतलंत तर दिवस भरतात, पण रोजचा पगार उतरतो आणि पुढे आजारी पडलात तर 70 टक्के त्या उतरलेल्या पगारावर निघतात. त्यामुळे अर्धवेळ यायचं ठरवताना दिवस किती भरणार आणि रोजचा पगार किती पडणार, हे एचआरकडून आधी कागदावर घ्या. तोंडी आश्वासन वर्गणीच्या नोंदीत दिसत नाही.

कामावर परतायचा रस्ता ईएसआय दवाखान्यातून जातो. तिथले डॉक्टर नमुना 7 वर पहिला, मधला आणि शेवटचा दाखला देतात. शेवटच्या दाखल्यावर कामावर जाण्यास योग्य असल्याची तारीख असते, तिलाच सगळे फिट सर्टिफिकेट म्हणतात. त्या तारखेआधी मस्टरवर सही करू नका. ईएसआयचं शाखा कार्यालय मालकाकडून नमुना 10 वर गैरहजेरी तपासून घेतं, आणि तुमचा दावा व कंपनीची हजेरी जुळली नाही तर घेतलेले पैसे परत करावे लागतात. खोटी माहिती देऊन लाभ घेतल्याचं सिद्ध झालं तर शिक्षाही आहे.

कागद फार लागत नाहीत: ई-पहचान कार्ड (ईएसआयचं ओळखपत्र), आधार, बँक पासबुकाची प्रत, वैद्यकीय दाखले आणि नमुना 9 वरचा दावा. अपघात असेल तर मालकाने भरलेला नमुना 12, म्हणजे अपघाताचा अहवाल, सर्वांत महत्त्वाचा. ठेकेदाराकडचे कामगार इथेच अडकतात, म्हणून त्याची प्रत आठवडाभरातच मागून ठेवा. आणखी एक, लाभ चालू असताना डॉक्टरांच्या परवानगीशिवाय उपचार चालू असलेला परिसर सोडून जाता येत नाही. गावी आराम करायचा असेल तर आधी विचारून जा.

कामावर जाऊन पाहिलं आणि पुन्हा त्रास सुरू झाला तर? आधीच्या लाभाच्या आजारपणानंतर 15 दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात तर आजारपणाच्या सुरुवातीच्या ज्या दोन दिवसांचा लाभ मिळत नाही, ते दुसऱ्यांदा कापले जात नाहीत. जाऊन बघण्याची भीती यामुळे थोडी तरी कमी व्हावी.

कायमच्या अपंगत्वाचा लाभ मात्र वेगळ्या जातीचा आहे, आणि गैरसमजही त्याच्याबद्दलच जास्त. भोसरी-चाकणच्या प्रेस शॉपमध्ये तर्जनी गेली, तर ईएसआय कायद्याच्या अनुसूचीनुसार (जोडलेल्या तक्त्यानुसार) कमाईक्षमतेची हानी 14 टक्के धरली जाते. रोजचा पगार 600 असेल तर 90 टक्के म्हणजे 540, त्याचे 14 टक्के 75 रुपये 60 पैसे. तीस दिवसांचे 2,268 रुपये. हे पैसे पूर्णवेळ, अर्धवेळ किंवा दुसऱ्याच कंपनीत काम केलं तरी चालू राहतात, पगारातून वळते होत नाहीत. "कामावर घेतलंय, आता पेन्शन बंद," असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. वैद्यकीय मंडळाने टक्केवारी ठरवली की नमुना 14 वर दावा करायचा. मंडळाने ती तात्पुरती ठरवली असेल तर पुढच्या तपासणीची तारीख चुकवू नका, आणि हयातीचा दाखला वेळच्या वेळी शाखा कार्यालयात द्या.