उणे २३.९ ते अधिक २०.१ : कोविडनंतर अर्थव्यवस्था सावरली म्हणजे नेमकं काय झालं?

३१ ऑगस्ट २०२१ रोजी एप्रिल-जून तिमाहीचे जीडीपीचे आकडे आले. वाढ २०.१ टक्के. देशात तिमाही आकडे निघू लागल्यापासून एवढा दर कधी दिसला नव्हता. त्याच्या बरोबर वर्षभर आधी याच तिमाहीचा आकडा आला होता, उणे २३.९. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की खड्डा जवळपास बुजला, असं वाटतं. टक्के बाजूला ठेवून रुपये पाहिले की चित्र बदलतं. स्थिर किमतींनुसार, म्हणजे महागाईचा परिणाम वगळून, २०१९ च्या एप्रिल-जूनमध्ये जीडीपी सुमारे ३५.७ लाख कोटी रुपये होता. २०२० मध्ये तो २६.९५ लाख कोटींवर आला आणि २०२१ मध्ये ३२.३८ लाख कोटींवर गेला. म्हणजे विक्रमी वाढ होऊनही आपण दोन वर्षांपूर्वीच्या पातळीच्या नऊ टक्के खालीच होतो. शंभराचे पंचाहत्तर झाले, तर पुन्हा शंभर गाठायला तेहतीस टक्के वाढ लागते. हिशेब शाळकरी आहे, पण त्या आठवड्याच्या मथळ्यांत तो फारसा दिसला नाही.

स्वतंत्र भारताची अर्थव्यवस्था याआधीही आकसली होती : १९५७-५८, १९६५-६६, १९७२-७३ आणि १९७९-८० मध्ये. शेवटची घट सर्वांत मोठी, ५.२ टक्क्यांची. तेलाचे भाव वगैरे कारणं जोडीला असली, तरी या साऱ्या वर्षांत पावसाने दगा दिला होता. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राला वेगळा सांगायला नको. रोजगार हमी योजना त्यातूनच उभी राहिली.

२०२० मध्ये नेमकं उलटं झालं. पाऊस चांगला झाला, रब्बीचं पीक हाती आलं होतं, आणि त्या भीषण तिमाहीत शेती हे एकच क्षेत्र ३.४ टक्क्यांनी वाढलं. बांधकाम निम्म्यावर आलं. व्यापार, हॉटेलं आणि वाहतूक ४७ टक्क्यांनी घसरली. महाराष्ट्राच्या २०२०-२१ च्या आर्थिक पाहणीतही तोच नमुना होता : राज्याचं उत्पन्न आठ टक्क्यांनी घटेल, शेती मात्र ११.७ टक्क्यांनी वाढेल, असा अंदाज. शहरं बंद पडली आणि गावाने तग धरला, असं याआधी आपल्याकडे घडलं नव्हतं.

कोविडच्या आधी सगळं आलबेल होतं, असंही नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणारी आयएल अँड एफएस ही कंपनी बुडीत निघाल्यावर बिगर-बँक वित्तसंस्थांचा हात आखडला होता. लॉकडाऊनचा जेमतेम आठवडा ज्यात येतो, त्या जानेवारी-मार्च २०२० तिमाहीची वाढ सुरुवातीच्या अंदाजात ३.१ टक्केच होती. ‘पूर्वपदावर आलो’ म्हणताना ते पूर्वपद हे होतं.

मग एप्रिल २०२०. मारुती सुझुकीने त्या महिन्यात देशात एकही गाडी विकली नाही. मुंद्रा बंदरातून ६३२ गाड्या निर्यात झाल्या, तेवढ्याच. जीएसटीची वसुली ३२,१७२ कोटी. सेवा क्षेत्राचा पीएमआय, म्हणजे कंपन्यांच्या मासिक पाहणीवरून काढलेला निर्देशांक, जो ५० च्या खाली गेला की आकुंचन समजतात, ५.४ वर. औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक काढताना सांख्यिकी खात्याने वाढीचा दर द्यायचंच टाळलं, कारण कारखाने बंद असताना तुलना करायची कशाशी? पुढच्या वर्षी तोच पेच उलट्या बाजूने आला. एप्रिल २०२१ चा निर्देशांक १२६.६ आणि आदल्या वर्षीचा ५४.०; दर काढला तर १३४ टक्के भरतो. एप्रिल २०१९ चा निर्देशांक होता १२६.५. म्हणजे दोन वर्षांची निव्वळ कमाई ०.१. या एका ओळीत जेवढं कळतं, तेवढं कित्येक भाषणांत कळलं नाही.

सावरण्याच्या खुणा २०२० च्या सणासुदीत दिसू लागल्या. ऑक्टोबरमध्ये जीएसटी फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा लाख कोटींच्या वर गेला (१.०५ लाख कोटी), कारखानदारीचा पीएमआय ५८.९ झाला, रेल्वेची मालवाहतूक वाढली. रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, मे महिन्यातच चार टक्क्यांवर आणला होता. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर मुद्रांक शुल्क पाचवरून दोन टक्के केलं आणि डिसेंबरात मुंबईतल्या दस्तनोंदणीला उधाण आलं. त्यातली बरीच घरं पुढे घेतलीच गेली असती, ती सवलतीसाठी आधी घेतली गेली. तेव्हा ही खूण जरा जपूनच वाचावी. ऑक्टोबर-डिसेंबर तिमाहीचा पहिला आकडा अधिक ०.४ आला. मुख्य आर्थिक सल्लागार कृष्णमूर्ती सुब्रमण्यन ‘व्ही’ आकाराच्या, म्हणजे जेवढ्या वेगाने घसरण तेवढ्याच वेगाने वर येणाऱ्या, उसळीबद्दल आधीपासून बोलत होतेच.

त्यानंतर दुसरी लाट आली. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजनसाठी धावाधाव चालू असताना जीएसटीची वसुली तोवरच्या उच्चांकावर होती, १.४१ लाख कोटी. यात चमत्कार काही नाही. एप्रिलमध्ये जमा होणारा कर मुख्यतः मार्चच्या व्यवहारांचा असतो. मे महिन्याचा फटका जूनमध्ये उमटला : ९२,८४९ कोटी.

या सगळ्या खुणांमध्ये एक गोष्ट समान आहे. त्या सगळ्या नोंद ठेवणाऱ्यांच्या आहेत. तिमाही जीडीपीच्या अंदाजातही नोंदणीकृत कंपन्यांचे निकाल हाताशी असतात. असंघटित क्षेत्राची चाल बरीचशी त्यांवरूनच ताडली जाते. एरवी हे खपून जातं. पण कोपऱ्यावरचं दुकान बंद पडून त्याचं गिऱ्हाईक मोठ्या साखळीकडे गेलं, तर कंपनीचा निकाल सुधारतो आणि तोच दुकानदाराच्याही नावे चांगला दिवस म्हणून धरला जातो. ‘के’ आकाराची, म्हणजे काही जण वर आणि बाकीचे खाली जाण्याची, चर्चा इथून सुरू झाली. वाहनविक्रीत ती उघड दिसते : प्रवासी गाड्यांची विक्री २०२२-२३ मध्ये ३८.९ लाखांच्या विक्रमावर गेली. दुचाकी मात्र २०१८-१९ च्या २.१२ कोटींवरून त्या वर्षी १.५९ कोटींपर्यंतच पोहोचल्या.

रोजगाराचे आकडे तर सरळ वाचले की फसवतात. सरकारच्या श्रमबल पाहणीनुसार बेरोजगारी २०१९-२० मधल्या ४.८ टक्क्यांवरून २०२०-२१ मध्ये ४.२ वर आली, म्हणजे कमी झाली! कारण गावी परतलेला माणूस घरच्या शेतात उभा राहिला की पाहणीच्या लेखी तो रोजगारात असतो. रोहयोचा वारसा सांगणाऱ्या मनरेगात त्या वर्षी सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झालं, आणि ६१,५०० कोटींच्या मूळ तरतुदीत ४०,००० कोटींची भर घालावी लागली. कामाची ही वाढ सुबत्तेची नव्हती.

कष्टकऱ्यांमध्ये शेतीवर असणाऱ्यांचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता. २०२०-२१ मध्ये तो ४६.५ झाला. जीडीपीने कोविडपूर्व पातळी ओलांडून बराच काळ लोटल्यावर, २०२३-२४ च्या पाहणीतही तो ४६.१ टक्के होता.