उच्चपर्वतीय भूदृश्यांची ऐतिहासिक चित्रे

छायाचित्रण रुळण्यापूर्वी, म्हणजे साधारणतः १८६० पर्यंत, हिमाच्छादित शिखरे, हिमनद्या व उंचावरील दऱ्या यांची काढलेली रेखाटने, जलरंगचित्रे, तैलचित्रे आणि मुद्राचित्रे. कलेतिहासाप्रमाणेच हिमनदीविज्ञानातही त्यांचा उपयोग होतो.

चीनमधील ग्वो शी याचे 'प्रारंभीचा वसंत' (१०७२) हे चित्र पर्वताच्या उत्तुंगतेचे अभिजात उदाहरण. मात्र तो पर्वत कोणता, हे ठरवता येत नाही. ओळखता येणाऱ्या शिखरांचे पहिले चित्र कोणते, याविषयी मतभेद आहेत. चित्रकार कोनराड व्हिट्झने १४४४ मध्ये जिनीव्हातील वेदीसाठी रंगविलेल्या फलकात सरोवराच्या पाण्यावर ख्रिस्त उभा आहे. मागे मोल डोंगर व त्यापलीकडे आल्प्समधील माँ ब्लाँची हिमशिखरे दिसतात. चित्राचा विषय धार्मिक असल्यामुळे काही अभ्यासक हा मान लिओनार्दोच्या ५ ऑगस्ट १४७३ अशी तारीख असलेल्या रेखाटनाला देतात. परंतु ते इटलीतील आर्नो खोऱ्याचे मानले जाते, त्यातील टेकड्यांना उच्चपर्वत म्हणता येत नाही आणि स्थळही वादग्रस्त आहे. त्यामुळे व्हिट्झचे अग्रस्थान अधिक ग्राह्य वाटते. जर्मन चित्रकार ड्यूररची आल्प्समधील जलरंगचित्रे बहुधा १४९४-९५ ची असावीत.

अठराव्या शतकात निरीक्षणाला महत्त्व आले. स्वित्झर्लंडमधील बर्नचा प्रकाशक वाग्नर याच्यासाठी कास्पार व्होल्फने (१७३५–८३) प्रत्यक्ष स्थळी तैलरंगांत कच्ची चित्रे करून ती कार्यशाळेत पूर्ण केली. माँ ब्युए शिखरावरून चित्रकार बुरीने काढलेले वर्तुळाकार दृश्य भूशास्त्रज्ञ सोस्यूरच्या आल्प्सविषयक ग्रंथात (पहिला खंड, १७७९) आहे. त्यात चारी बाजूंची शिखरे मध्यबिंदूभोवती मांडली असल्याने कागद फिरवत पाहावा लागतो.

बर्नच्या आबर्लीने रूढ केलेल्या पद्धतीत ताम्रपटावर केवळ बाह्यरेषा अम्लाने कोरून फिकट छापत व वर हाताने जलरंग भरत. रंग अनेक कारागीर भरत असल्याने एकाच पटाच्या दोन प्रतींत बर्फाची सीमा वेगळी पडू शकते. ॲक्वाटिंटमध्ये, म्हणजे कणांमधल्या जागेत अम्लाने धातू कोरून छटा मिळवण्याच्या पद्धतीत, पटावर राळेची बारीक पूड बसवून ती खालून तापवतात. उष्णता जास्त झाली तर कण एकजीव होऊन अम्ल धातूपर्यंत पोहोचत नाही. कमी पडली तर कण निघून येतात आणि छटा डागाळते. बर्फाचा पांढरा भाग आधीच रोगणाने झाकावा लागतो, तो राहून गेला तर हिमनदी राखाडी छापली जाते. छापताना प्रतिमा उलटते. म्हणून रेखाटन पटावर उलटे उतरवले नसेल तर उजवीकडचा सुळका डावीकडे जातो. जलरंगातील नीळ उजेडाने उडते आणि तिच्यात मिसळलेला लाल रंग उरून आकाश गुलाबी दिसते. ती संध्याकाळ समजण्याची चूक वारंवार होते.

उंची वाढवून दाखवण्याची सवय जवळजवळ सर्वत्र आढळते. ४०० मी. उंचीच्या सरोवरकाठावरून ४० किमी. दूर असलेले ४,००० मी. उंचीचे शिखर क्षितिजावर जेमतेम ५ अंश चढते. चित्रात ते सहसा त्याहून बरेच वर असते. तपासण्यासाठी दोन शिखरांमधील आडवे अंतर व उभा फरक यांचे गुणोत्तर त्याच जागेवरून घेतलेल्या छायाचित्राशी जुळवावे.

निसर्गशास्त्रज्ञ हंबोल्टच्या, अँडीजमधील चिंबोराझो शिखराच्या छेदचित्रात (१८०७) उतारावर वनस्पतींची नावे उंचीनुसार लिहिली आहेत; ते चित्रही आहे आणि आलेखही. जे. बी. फ्रेझरची हिमालयातील २० ॲक्वाटिंट चित्रे १८२० मध्ये प्रसिद्ध झाली, प्रवास मात्र १८१५ चा.

प्रत्यक्ष रेखाटन व छपाई यांच्या सालांतील हा फरक हिमनद्यांबाबत निर्णायक ठरतो. स्वित्झर्लंडमधील ग्रिंडेलवाल्डची खालची हिमनदी १८५५-५६ च्या सुमारास कमाल विस्ताराला पोहोचली, हे ठरवताना चित्रांचा मोठा आधार झाला. त्यात छपाईचे साल न धरता रेखाटनाचे साल धरावे लागते, आणि टोकाजवळचे घर, चर्च किंवा हिमोढ (हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचा ढीग) यांसारखी स्थिर खूण चित्रात असावी लागते. खूण नसलेले चित्र कितीही रेखीव असले तरी मोजमापाला निरुपयोगी.

१८६१ मध्ये ऑग्युस्त-रोझाली बिसाँने माँ ब्लाँच्या माथ्यावरून छायाचित्रे घेतली. त्यानंतरही पर्यटकांसाठी रंगीत शिलामुद्रित (दगडी पाटावरून छापलेली) दृश्ये शतकाअखेरपर्यंत छापली जात होती.